भाकरी, दाखला आणि विश्वास

१

आम्हां दलित ख्रिस्ती माणसांना लहानपणापासून एक शब्द ऐकावा लागतो : 'भाकरीसाठी बाटलेले'. सवर्णांनी तो वापरला तर आश्चर्य नाही. ज्यांनी आमच्या पूर्वजांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांनाच आमच्या धर्मांतराची अधिक चिंता वाटते, हा अनुभव जुनाच आहे. पण हाच शब्द आपल्या माणसांच्या तोंडून येतो तेव्हा तो लागतो. चळवळीतला एक मित्र मला एकदा म्हणाला, "बाबासाहेबांनी एकवीस वर्षं विचार करून धर्म घेतला. तुमच्या लोकांनी एका पोत्यासाठी घेतला."

या आरोपाला चिडून उत्तर देणे सोपे आहे. मला तसे करायचे नाही. आरोपात तथ्य किती ते पाहू, आणि मग एक उलटा प्रश्न विचारू. माणूस भाकरीसाठी ख्रिस्ती झाला असे धरून चालू. पण भाकरी संपल्यावर तो ख्रिस्ती का राहिला? घरात दुखणे आहे, हाताला काम नाही, आणि धर्म सोडला तर चार सवलती मिळतील अशी तजवीज कायद्यानेच करून ठेवली आहे. तरीही तो का राहिला?

या लेखाचा विषय एवढाच आहे. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. नाशिकजवळच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत २३ वर्षे लेथवर काम केलेला टर्नर आहे. पुढे जे लिहिले आहे त्यातले काही वाचलेले आहे आणि बरेचसे भोगलेले आहे.

२

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसे जातात. हे 'शरणपूर' कोणाचे, असा प्रश्न त्यातल्या फार थोड्यांना पडत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तिथे शाळा होती, सुतारकाम होते, लोहारकाम होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम वाहून नेणारी जहाजे इंग्रजांचे आरमार पकडी आणि त्यांतून सुटलेली काही मुले मुंबईला उतरवली जात. त्यांपैकी कित्येक मुले या शरणपुरात वाढली, शिकली. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह शेकडो कोस किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली ही मुले होती. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनचे दफन झाले त्या वेळी वेनराइट तिथे हजर होता. पुढे शरणपूरची बरीच आफ्रिकन मंडळी मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की शरणपूरच्या नावातच एक कबुली आहे. इथे आलेली माणसे शरण आलेली होती. त्यांना दुसरीकडे थारा नव्हता. गुलामाच्या जहाजातून सुटलेल्या मुलाला 'तू धर्मग्रंथांचा तौलनिक अभ्यास केलास काय?' असे कोणी विचारले तर आपण त्याला हसू. मग दुष्काळात होरपळलेल्या महार-मांगालाच तो प्रश्न का विचारला जातो?

नगर-नाशिकच्या मुलखात १८७६-७८चा दुष्काळ पडला, मग १८९६-९७चा, आणि त्या पाठोपाठ १८९९-१९००चा, ज्याला आमच्याकडे छप्पनचा दुष्काळ म्हणतात. दुष्काळ सगळ्यांवर येतो, पण सगळ्यांवर एकाच दिवशी येत नाही. बलुत्यावर जगणाऱ्याच्या घरी तो सर्वांत आधी पोहोचतो. शेतकऱ्याची कणगी निम्मी झाली की तो पहिल्याने महाराची भाकर बंद करतो. गावकीची सगळी कामे करायची आणि हक्काचे धान्य मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी ती व्यवस्था होती. त्या वर्षांत मिशनच्या कामावर खडी फोडायला गेलेल्यांपैकी माझा पणजोबा एक. बाप्तिस्मा त्याने नंतर घेतला. भाकरी आधी आली, येशू मागून आला, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. त्याचा धाकटा भाऊ गावातच राहिला. त्याचे वंशज १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात उभे राहिले आणि १९५६ साली बौद्ध झाले. एका घराच्या दोन वाटा झाल्या.

भाकरीसाठी गेला म्हणजे विकला गेला, असे म्हणणाऱ्यांनी भूक पाहिलेली नाही. ज्याने भाकरी दिली त्याने पहिल्यांदा त्याला माणूस म्हणून पंगतीला बसवले, हेही त्या भाकरीत होते. तरीपण वाद मिटवण्यासाठी मी आरोप मान्य करतो. भाकरीसाठी झाला असे समजा. आता हिशेब पुढे मांडू.

३

दुष्काळ संपला आणि मदतीचे धान्यही संपले. मिशनच्या शाळांतून थोड्यांना मास्तरकी मिळाली, दवाखान्यांतून थोड्या बायकांना परिचारिकेचे काम मिळाले. बाकीचे शेतमजूर होते ते शेतमजूर राहिले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परत गेले. १९७० साली नागपूरला उत्तर भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली तोवर मिशनच्या पगारावर जगण्याचा काळ सरत आला होता.

आणि याच काळात व्यवहार उलटा झाला. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने सांगितले की हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजले जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. १९९० साली बौद्धांचा झाला. तो न्याय होता आणि फार उशिरा मिळालेला न्याय होता. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती आधी दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी बौद्ध बांधवांना ३४ वर्षे थांबावे लागले. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली नाही, मग सरकारने ती का विसरावी, हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न ख्रिस्ती दलिताचा आहे.

१९८५ साली सूसाई नावाच्या मद्रासच्या एका चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्यांना सरकारी योजनेत टपऱ्या मिळाल्या. हा ख्रिस्ती, म्हणून याला मिळाली नाही. न्यायालय म्हणाले की ख्रिस्ती झाल्यावरही जातीचे जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतात हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही. पुढे २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने तो तिसरा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली. २०२२ साली न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढ मिळत गेली. आमच्या महाराष्ट्रात ख्रिस्ती दलिताला इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यावर जे मिळते त्याच्या तुलनेत ते फार कमी आहे.

आता हिशेब करा. पणजोबाला ख्रिस्ती होण्याची किंमत मिळाली असेल तर दोन हंगामांची भाकरी. त्याच्या नातवाला आणि पणतवाला ख्रिस्ती राहण्याची किंमत मोजावी लागली, तीही दर पिढीत : शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही, राखीव मतदारसंघातून उभे राहता येत नाही, आणि जातीवरून मारहाण झाली तर ॲट्रॉसिटीचा कायदाही पाठीशी नाही. विकत घेतलेला माणूस भाव उलटल्यावर पहिल्या बाजारात परत जातो. हा गेला नाही. 'भाकरीसाठी' हे उत्तर पहिल्या पिढीपुरते पुरते. चौथ्या पिढीला ते लागू पडत नाही.

काही गेले, हेही सांगितले पाहिजे. काहींनी कागदावर 'हिंदू महार' ठेवले आणि रविवारी देवळात आले. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.) मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. दोन तोंडांनी बोलायला भाग पाडणारा कायदा आधी ढोंगी, मग ती माणसे.

४

आता माझ्या घराची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

२०१३ साली मी ज्या कारखान्यात होतो तो बंद पडला. ग्रॅच्युइटी हातात यायला दीड वर्ष लागले. कामगार विम्याची वर्गणी भरणारी नोकरी गेली की त्या विम्याचा दवाखानाही जातो, हे मला तेव्हा कळले. पन्नाशीच्या टर्नरला नवे काम कोण देतो? मी रात्रपाळीचा वॉचमन झालो.

२०१५च्या पावसाळ्यात बायकोच्या पायांवर सूज दिसू लागली. रक्तदाब तिला आधीपासून होता. आम्ही तो अंगावर काढला होता. तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निघाले. आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस, एका वेळी चार तास. सगळे रक्त नळीतून बाहेर यायचे आणि यंत्रातून धुऊन परत शरीरात जायचे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ साली महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली आरोग्य योजना होती, म्हणून डायलिसिस मोफत झाले. ती नसती तर माझी बायको तीन महिनेसुद्धा जगली नसती. त्या योजनेने आम्हाला एकच विचारले : रेशनकार्ड कोणत्या रंगाचे? धर्म विचारला नाही. म्हणजे सरकारला मनात आणले तर धर्म न विचारता गरिबाला हात देता येतो.

पण डायलिसिस मोफत झाले म्हणजे दुखणे मोफत होत नाही. रिक्षाभाडे, बाहेरून आणायची औषधे, बुडालेला रोज, यांना योजना नाही. पथ्य असे की केळे नाही, शहाळे नाही. बटाटा आधी पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचे आणि मग भाजी करायची. पिण्याचे पाणी मोजून. दिवसाचे पाणी ती सकाळी एका बाटलीत भरून ठेवी. प्रभुभोजनाच्या रविवारी पेल्यातला द्राक्षरसाचा घोटही ती त्यातून वजा करी.

याच काळात, २०१६ साली, मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचे होते. आईजवळ बसून बसून तिने ते ठरवले होते. फीचा आकडा ऐकून मी गप्प झालो. भावकीतले दादा, म्हणजे पणजोबांच्या त्या धाकट्या भावाच्या घरचे, त्या संध्याकाळी घरी आले. त्यांची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गातली. तिची फी शिष्यवृत्तीतून भागणार होती. दोन्ही मुलींचे मूळपुरुष एका आईच्या पोटचे, गाव एक, वाडा एक, कागद वेगळे.

दादा म्हणाले, "तुला एक सांगू का? राग मानू नको. दीक्षा घे. प्रतिज्ञापत्र कर, राजपत्रात धर्मबदल छापून आण. पोरीचं भलं होईल. तुझा येशू काय तुझ्या स्वप्नात येऊन भांडणार आहे?"

मी म्हणालो, "दादा, बुद्धासाठी यायचं झालं तर मी उद्या येईन. फीसाठी आलो तर तुमच्या धम्माची किंमत किती राहिली? तुम्हीच मला उद्या भाकरीसाठी बाटलेला म्हणाल."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे खरं आहे." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. डायलिसिसच्या दिवशी मात्र सकाळी सहाला त्यांची रिक्षा दारात उभी असे, आणि तिचे भाडे त्यांनी चार वर्षांत एकदाही घेतले नाही.

अनेक वर्षांनी, २०२४ साली, सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटले की मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे दाखवणे ही संविधानाशी फसवणूक आहे. ते वाचून मला ती संध्याकाळ आठवली. तत्त्व मला मान्य आहे. पण त्याच न्यायाने जो माणूस फायदा दिसत असताना धर्म बदलत नाही, त्याच्या श्रद्धेची नोंद कुठे होते?

आणि एक टोचणी मी लपवणार नाही. विश्वास माझा होता. त्याची किंमत मुलगी मोजणार होती. बापाला तो अधिकार आहे काय? मी हे तिलाच विचारले. ती म्हणाली, "पप्पा, मम्मीला विचारा." मम्मी पलंगावरून म्हणाली, "तिला काम करू द्या दोन वर्षं. मग बघू." मुलगी दोन वर्षे औषधांच्या दुकानात उभी राहिली. नंतर इतर मागासवर्गाच्या दाखल्यावर आणि मंडळीतल्या लोकांच्या उसनवारीवर तिने नर्सिंगला प्रवेश घेतला. तिची दोन वर्षे गेली, ती मी परत देऊ शकत नाही. म्हणून मी या निर्णयाची प्रौढी मिरवत नाही.

५

हाताला काम नाही आणि घरात दुखणे आहे अशा घराकडे दोन प्रकारची माणसे येतात : सोबतीला बसणारी आणि उपाय विकणारी. उपाय विकणारी सर्व धर्मांत आहेत. आमच्यातही आहेत.

एका शेजाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही एका प्रार्थना-मेळाव्याला गेलो. मोठा मांडव, कर्णे, गाणी. व्यासपीठावर माणसे येऊन साक्ष देत होती : कोणाचे कर्ज फिटले, कोणाची गाठ विरघळली. प्रचारकाने बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडून प्रार्थना केली. शेवटी तो म्हणाला, "ताई, विश्वास पूर्ण असेल तर मशीन लागणार नाही. लागलीच, तर विश्वासात कुठंतरी खोट आहे." दानाची पेटी त्यानंतर फिरली.

घरी येताना बायको रिक्षात काही बोलली नाही. रात्री म्हणाली, "माझा विश्वास कमी असता तर पहिल्याच महिन्यात मी सुई काढून फेकली असती. आठवड्यातून दोनदा हात पुढं करते, तो कशाच्या जोरावर?"

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या प्रचारकाचे म्हणणे नेमके काय होते? तुझे दुखणे हा तुझ्या आतल्या खोटेपणाचा पुरावा आहे, असे. तुझे दारिद्र्य हे तुझ्या कमी विश्वासाचे फळ आहे, असे. आता हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? शेकडो वर्षे आपल्या आजा-पणज्यांना हेच सांगितले गेले : तुझा जन्म हा तुझ्या मागल्या जन्माच्या पापाचे फळ आहे. भोग. म्हणजे कर्मविपाकाचा जुना सिद्धांत क्रूस गळ्यात घालून पुन्हा आमच्या वस्तीत आला आहे. दैना ज्याची त्याचाच दोष, हे दोन्हींचे सार आहे. पीडिताला गुन्हेगार ठरवणारा विचार संस्कृतात बोलला काय किंवा हालेलुया म्हणत आला काय, आपल्या दृष्टीने एकच.

बायबलमध्ये या विचाराला तोडीस तोड उत्तर आहे. ते ईयोबाच्या पुस्तकात आहे. ईयोब हा सज्जन माणूस. त्याची गुरेढोरे जातात, मुले मरतात, अंगभर फोड येतात. त्याचे मित्र भेटायला येतात. ते प्रथम सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसून राहतात. तोवर ते चांगले असतात. मग ते बोलू लागतात आणि बिघडतात. त्यांचा मुद्दा एकच : तू काहीतरी पाप केलेच असणार. ईयोब हे मान्य करीत नाही. तो देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो, आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. आणि पुस्तकाच्या अखेरीस देव कोणावर रागावतो? भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर.

पौलाचेही उदाहरण आहे. त्याच्या देहात कसलीतरी व्याधी होती, तिला तो काटा म्हणतो. तो निघावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली आणि तो निघाला नाही. आमच्या मेळाव्यातल्या प्रचारकाच्या हिशेबाने पौलाचाही विश्वास कमीच म्हणायचा.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्यासाठी जीव द्यावा लागला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि पैसा मिळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा सर्व धर्मांतल्या बुवांना लागू आहे, आणि ख्रिस्ती माणसांनीही त्याचे स्वागत करायला हवे असे माझे मत आहे. देवळात प्रार्थना करणे वेगळे. नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाल येशूची यात्रा भरते. दूरदूरची आजारी माणसे नवस घेऊन येतात, रडतात, मेणबत्ती लावतात. त्या रडण्याला मी हसणार नाही. औषध सोडायला सांगणारा आणि बरे न झाल्यास रोग्यालाच दोष देणारा, त्याच्याशी माझे भांडण आहे.

६

मग चमत्कार नाही, पैसा नाही, तर विश्वास टिकतो म्हणजे काय टिकते?

पहिली गोष्ट वर आलीच : माझे दुःख हा माझ्याविरुद्धचा निकाल नाही, ही खात्री. ज्या समाजाला जन्मापासून दोषी ठरवले गेले त्याला या खात्रीची किंमत इतरांपेक्षा जास्त कळते. जालन्याच्या ख्रिस्ती वस्तीतून आलेले धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरला केलेल्या एका भाषणापासून दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची सुरुवात मानतात. त्यांचा आशय मला समजला तो असा की दलिताला देव कळतो तो पोथीतून नव्हे, वेदनेतून. आणि तो देव सिंहासनावरचा नाही, सेवा करणारा, मार खाल्लेला आहे. बायकोने निर्मळांचे एक पानही वाचले नव्हते. पण डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटेवरची मुसलमान बाई रडू लागली की ही सुई लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिचा हात धरी.

दुसरी गोष्ट म्हणजे मंडळी. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळ म्हणतो, पण त्यात जमणाऱ्या माणसांना 'मंडळी' म्हणतो, आणि हा शब्द फार बरोबर आहे. चार वर्षांत महिला मंडळाच्या बायकांनी आपसात पाळ्या लावल्या होत्या : कोण दवाखान्यात बसणार, कोण बटाट्याचे पाणी फेकून भाजी आणणार. त्या धुणीभांडी करणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या बायका होत्या. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, वेळही नव्हता. तरी त्या येत आणि बहुतेक वेळा काही न बोलता बसत. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस त्यांनी चार वर्षे चालवले.

तिसरी गोष्ट, तक्रार करण्याची मुभा. तिच्या शेवटच्या वर्षात मी सहा महिने प्रार्थना केली नाही. रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसत असे, तोंड मिटून. आमच्या पाळकांनी मला एकदाही उपदेश केला नाही. एवढेच म्हणाले, "तुम्ही येऊन बसता ना, मग झालं. बाकीचं आम्ही म्हणतो तुमच्या वतीनं." विश्वास नेहमी एकट्याने धरायचा नसतो, हात सुटला तर दुसऱ्याने धरायचा असतो, हे मी तेव्हा शिकलो.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने हे लिहिताना लक्ष्मीबाई टिळकांचे नाव टाळता येणार नाही. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला त्या जन्मल्या. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हातात पैसा ठरत नव्हता, आणि टिळकांनी तर १९१७ साली मिशनची नोकरीच सोडून दिली. १९१९ साली ते गेले. या बाईंनी हे सगळे 'स्मृतिचित्रे'त हसत हसत लिहिले, १९३४पासून ते पुस्तकरूपाने येऊ लागले आणि १९३६ साली त्या वारल्या. दारिद्र्याचा देखावा न करता त्याच्याशी राहणे कसे असते, हे त्या पुस्तकातून शिकावे.

पण एक फरक नोंदवला पाहिजे. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याने काय काय सोडले याची यादी होते. महार ख्रिस्ती झाला की त्याला काय काय मिळाले याची यादी होते. त्यागाचे श्रेय एकाला, लोभाचा आरोप दुसऱ्याला. छप्पनच्या दुष्काळात मुले काखेत घेऊन खडी फोडायला गेलेल्या आणि मरेपर्यंत ख्रिस्ती राहिलेल्या आमच्या पणजीला लिहिता येत नव्हते. तिची स्मृतिचित्रे आपल्या साहित्यात यायची आहेत. ती लिहिणे हे माझ्या पिढीच्या ख्रिस्ती दलितांचे देणे आहे, आणि ती छापणे हे अशा नियतकालिकांचे.

७

शेवटी बाबासाहेबांच्या टीकेकडे यायला हवे, कारण ती चुकवून हा लेख पुरा होऊ शकत नाही. १९३५च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचे आकर्षण त्यांनी सांगितले, आणि ख्रिस्ती समाजाला खडसावलेही : तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, राजकारणात कुठे दिसत नाही.

ही टीका तेव्हा खरी होती आणि आजही बरीच खरी आहे. आम्ही प्रार्थना शिकलो, मोर्चा शिकलो नाही. मंडळीत जात शिरली तेव्हा गप्प बसलो. 'या जगात सोसा, त्या जगात मिळेल' हे वाक्य आम्ही धीर म्हणून वापरले आणि ते आमच्याच पायातली बेडी झाले. दुःखात विश्वास टिकवणे ही एक गोष्ट आणि दुःखाचे कारण तसेच राहू देणे ही दुसरी. त्यांची गल्लत झाली की धर्म अफू होतो, हे मार्क्सला विचारायला जायला नको. आमच्या वस्तीत विचारले तरी पुरे.

माझी बायको २०१९च्या डिसेंबरात गेली. बरी झाली नाही. नाताळच्या आधीचा आठवडा होता. दफनाला महिला मंडळाच्या बायका होत्या, डायलिसिसच्या खोलीतली ती मुसलमान बाई होती, आणि दादा होते. माती देऊन झाल्यावर दादा मला म्हणाले, "तुझ्या देवानं काही दिलं नाही, हे मी आता म्हणणार नाही. पण तो दाखला तरी मागा रे लढून. आम्ही येऊ बरोबर."

मला वाटते दोन्ही वाक्ये बरोबर होती. विश्वास हा दाखल्याच्या बदल्यात नसतो, आणि दाखल्याचा हक्क विश्वासावर सोडून द्यायचा नसतो. मुलगी आता एका रुग्णालयात डायलिसिस विभागात काम करते. तिथल्या भरतीच्या अर्जात धर्माचा आणि जातीचा रकाना होता. तिने दोन्ही खरे लिहिले : ख्रिस्ती, महार. कारकून म्हणाला, असे दोन्ही एकत्र चालत नाही. ती म्हणाली, "चालत नसेल. पण आहे ते असंच आहे."

तिसरा परिच्छेद बदलायचा लढा इथून सुरू होतो. तो लढताना दादा आमच्या बाजूला उभे राहतील, याची मला खात्री आहे. देवावरच्या विश्वासाइतकीच.